आंबे दाबू नयेत

निहार, तू मधे बोलू नकोस. वडापाव खा, पण आधी ऐक. पूर्ण ऐक, आणि मग सांग माझं काय चुकलं.

आमच्या श्रुतिकाचा साखरपुडा झाला ना. तू पुण्याला होतास म्हणून वाचलास. मुलगा बोरिवलीचा, देवेश पेडणेकर. चांगला आहे रे, प्रॉब्लेम त्याच्यात नाहीच. प्रॉब्लेम आईने केला. पहिल्याच बैठकीत तिने त्याच्या वडिलांना सांगून टाकलं, "साखरपुड्याला आमरस आमच्या घरच्या कलमाचा हां. बाजारातला नाही." घरचं कलम म्हणजे कुडाळजवळ आमच्या गावच्या घरामागे एक झाड आहे. बाग नाही. एक झाड. आणि ह्या वर्षी हवामानाची अशी वाट लागली, की त्या झाडाने मोजून साठ आंबे दिले.

काकाने साठच्या साठ खासगी बसने पाठवले. रविवारी मी चेकनाक्यावर जाऊन पेट्या उतरवून घेतल्या. साखरपुडा बरोबर पुढच्या रविवारी, सकाळी अकराला. आंबे असे टणक, की त्यांनी टेनिस बॉल क्रिकेट खेळता आलं असतं, फक्त बॅट तुटली असती.

आई म्हणाली, पलंगाखाली गवतात आढी लावू. मी विचारलं, कधी पिकतील? ती म्हणाली, "पिकतील तेव्हा पिकतील."

आता यार, मी एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला. माझा अख्खा प्रोजेक्ट केळं कसं पिकतं ह्यावर. दोन वर्षं मी केळ्याच्या जीन्सशिवाय दुसऱ्या कोणाशी धड बोललेलो नाही. आणि माझ्याच घरात असं अडाणी उत्तर? माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पिकवून देतो. रविवारी, अकरा वाजता. साठच्या साठ."

हॉलमधून बाबांचा आवाज आला, "लेखी दे."

बाबा वॉर्ड ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेत हे तुला माहितीये. पण ते आतून अजून झालेले नाहीत. आमच्यात सहा महिने एक विषय चालू होता. मला दापोलीला फळांवर पीएचडी करायचीये आणि त्यांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षेला बस. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. आंबे ठरल्या दिवशी पिकले तर चि. मिहिर घाडी ह्यास पीएचडी करण्यास हरकत नाही. न पिकल्यास बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरावा. खाली 'अटपूर्ती' असा रकाना आखला, तो रिकामा ठेवला, आणि कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये गेला. म्हणजे बघ, माझं अख्खं करिअर त्या साठ आंब्यांवर. त्यांना काहीच कल्पना नव्हती बिचाऱ्यांना.

सही करायच्या आधी बाबा म्हणाले, "मला एकदा समजावून सांग. हे पिकणं म्हणजे नक्की काय?"

मी त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, बाबा, आंबा म्हणजे तुमचं वॉर्ड ऑफिस. आत सगळी खाती आहेत. एक खातं स्टार्चची साखर करतं, एक आंबटपणा कमी करतं, एक हिरवा रंग काढून केशरी चढवतं, एक पेशींच्या भिंती सैल करतं, म्हणजे फळ नरम पडतं. पण सगळे नुसते बसून आहेत. मग एक जीन चालू होतो आणि एथिलीन नावाचा गॅस सुटतो. गॅस सुटला की सगळी खाती एकदम कामाला लागतात.

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे एथिलीन हे परिपत्रक."

"हो! आणि मजा म्हणजे, हे परिपत्रक वाचलं की तो जीन अजून परिपत्रकं काढतो. एकदा सुरू झालं की थांबत नाही. शेजारच्या आंब्यालासुद्धा पोचतं."

"आमच्याकडे असं एकदा झालं होतं," बाबा म्हणाले. "शहाण्णव साली." आणि सही केली.

प्लॅन झकास होता. गुरुवारपर्यंत आंबे एसीत ठेवायचे, फार थंड नाही, कारण तेरा डिग्रीच्या खाली आंबा आजारी पडतो आणि मग पिकतच नाही. गुरुवारी एसी बंद करायचा आणि प्रत्येक पेटीत दोन पिकली केळी टाकून झाकायचं. केळं एथिलीन सोडतं, आंबे जागे होतात, रविवारी अकरा. पण आमच्याकडे एसी एकच, आणि मे महिन्यात तो आंब्यांना देऊन आईने बाहेर झोपायला साफ नकार दिला. मग आठवलं, सोसायटीच्या ऑफिसात एसी आहे. महिन्यातून एकदा कमिटीची मीटिंग, बाकी खोली रिकामी.

सेक्रेटरी म्हणजे चंद्रप्रकाश काका. दुसऱ्या मजल्यावरचे. माणूस वाईट नाही, पण त्यांना फॉर्म दिसला की डोळ्यात पाणी येतं. त्यांनी फॉर्म काढला. कारण ह्या रकान्यात चार पर्याय: सभा, पूजा, वाढदिवस, इतर.

"'इतर'वर टिक कर," मी म्हटलं नाही हां, मी म्हटलं, "काका, 'इतर' करूया का?"

"बारा वर्षांत 'इतर'वर कोणी टिक केलेली नाही, मिहिर. उद्या कोणी 'इतर'मध्ये म्हैस बांधेल. मला सांग, ही साठवण आहे की प्रक्रिया?"

"म्हणजे?"

"नुसते ठेवणार असशील तर साठवण. पिकवणार असशील तर प्रक्रिया. प्रक्रियेला जनरल बॉडी लागते."

"मी नुसते ठेवणार आहे काका. पिकणार ते आपले आपण."

हे त्यांना पटलं. पण दोन अटी टाकल्या. एक, एसी फक्त ऑफिसच्या वेळेत, दहा ते सहा. दोन, कमिटीचे सातही सदस्य रोज पाहणी करणार आणि रजिस्टरमध्ये आंब्यांची स्थिती लिहिणार. कारण उद्या कोणी म्हटलं कार्बाइड वापरलं, तर?

मला तेव्हाच कळायला हवं होतं रे. एसी सहाला बंद, म्हणजे रात्रभर खोलीची भट्टी. पण खरी वाट लागली ती पाहणीने.

आपला माणूस आंबा डोळ्याने बघतच नाही. तू बघ, तू स्वतः काय करतोस? उचलतो, अंगठ्याने देठाजवळ दाबतो, मान हलवतो, परत ठेवतो. घ्यायचा नसला तरी. दुसऱ्याचा असला तरी. साखरपुड्याचं आमंत्रण नसलं तरी. आणि दाबलं की आतल्या पेशी चेपतात. चेपल्या की फळाला वाटतं जखम झाली, आणि जखम झालेलं फळ पहिलं काम काय करतं? एथिलीन सोडतं. परिपत्रक! आपण विचारतो 'पिकला का', आणि आंबा बिचारा घाबरून पिकायला लागतो.

मंगळवारी मी रजिस्टर उघडलं. "घट्ट." "बऱ्यापैकी घट्ट." "डावीकडून तिसरा किंचित नरम." "तिसरा काल होता त्याहून नरम, सहाव्याकडे लक्ष द्यावे." सह्यांसकट. मी काकाला गावाला फोन लावला. तो ओरडलाच, "अरे झिला, आंब्याक हात लावू नकात! पिकलो की तो आपणच सांगतलो!" मी चंद्रप्रकाश काकांकडे गेलो. त्यांनी तासाभरात टाइप केलेली नोटीस दारावर लावली. 'आंबे दाबू नयेत. हुकमावरून.' शिक्का पण मारला.

तोपर्यंत बिल्डिंगभर झालं होतं, की घाड्यांच्या मिहिरने खाली फळं पिकवायचं केंद्र काढलंय. बुधवारी दार उघडतो तर सुलक्षणा काकू उभ्या, आमच्या समोरच्या. हातात अननस.

"एवीतेवी पिकवतोयस, तर हा पण ठेव रे. आंबट निघाला तर ह्यांचं पित्त उठतं."

"काकू, अननस नाही पिकत असा. झाडावर असताना गोड व्हायचा तेवढा होतो, तोडला की विषय संपला. त्याच्यात ती आंब्यासारखी लाट येतच नाही. नंतर तो फक्त जुना होतो."

"आंब्याला जमतं ते अननसाला का जमू नये?"

"जीन्स वेगळे चालतात काकू. द्राक्षं पण तशीच, लिंबू पण."

"म्हणजे तुझ्या बहिणीच्या साखरपुड्याचे आंबे ते खास, आणि आमच्या अननसाला खोलीत जागा नाही. ठीक आहे. मी लेखी देते."

आणि दिलं यार! तक्रार अर्ज. विषय: सोसायटी ऑफिसात फळाफळांमध्ये होणारा भेदभाव. चंद्रप्रकाश काका मला म्हणाले, "जागा सामाईक आहे. एकाचं फळ ठेवलं तर सगळ्यांचं ठेवावं लागेल." संध्याकाळपर्यंत खोलीत अननस, तीन किलो आंबट द्राक्षं, चिकू, टोमॅटो, पपई आणि कोणाचं तरी केळ्यांचं अख्खं लोंगर. अननस आणि द्राक्षं निरुपद्रवी, गप्प बसून होती. पण चिकू, पपई, केळी! सगळी परिपत्रकं काढणारी मंडळी. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अननसाच्या ऑफिसात परिपत्रक पोचत नाही का?"

"पोचतं बाबा. पण गोडी वाढवायचं खातंच कामाला लागत नाही."

"असे विभाग असतात," बाबा म्हणाले. "तुझे आंबे बरे आहेत ना? मी काही बघायला जात नाही. तुझं काम आहे, तू निस्तर."

बुधवारी संध्याकाळी वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. खाली गेलो तर अर्ध्या आंब्यांवर पिवळी झाक. चार दिवस आधी! त्यात चेअरमन शर्मिष्ठा मॅडम तिथेच उभ्या, हातात त्यांचा बोन्साय. तो त्यांनी ऑफिसात शोभेला ठेवला होता, अकरा वर्षांचा वड. खाली पानांचा सडा. एकही पान शिल्लक नाही. एथिलीनने पानं पण गळतात रे, झाडाला वाटतं वय झालं.

"मिहिर, हे तुझ्या आंब्यांनी केलं?"

"मॅडम, जास्त करून पपईने."

"पपई माझी आहे," त्या म्हणाल्या.

तो विषय तिथेच संपला.

गुरुवारी मी इमर्जन्सी उपाय काढला. पोटॅशियम परमँगनेट. गावाला विहिरीत टाकतात ना, ते जांभळं औषध. ते एथिलीन खाऊन टाकतं. केमिस्टकडून आणलं, खडूंचे चार बॉक्स आणले, खडू त्यात भिजवून सुकवले आणि आंब्यांच्या दोन ओळींमध्ये रचले, आंब्याला न लागता, पण इतके जवळ, की आंबा दाबायला गेलं तर अंगठा खडूला घासणारच. जांभळ्या खडूंमध्ये सोनेरी आंबे. इतकं सुंदर दिसत होतं, मी फोटो काढला. एकच अडचण आहे त्या औषधाची. हाताला लागलं की थोड्या वेळाने तपकिरी डाग पडतो आणि आठवडाभर निघत नाही. मी ग्लोव्ह्ज घातले होते. मी कोणाला बोललो नाही, कारण हात लावायचाच नाही अशी नोटीस होती ना! शिक्क्यासकट!

शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये चंद्रप्रकाश काका भेटले. उजवा हात खिशात. बटण डाव्या हाताने दाबलं. शर्मिष्ठा मॅडमच्या अंगठ्याला बँडेज, "भाजलं." सुलक्षणा काकूंनी तर मेंदी म्हणून सांगितलं. एकाच अंगठ्याला मेंदी! सात सदस्य, सात तपकिरी अंगठे, मतदान झाल्यासारखे. कमिटीत नसलेले अजून नऊ मी मोजले, मग मोजणं सोडून दिलं.

आणि कळस ऐक. शुक्रवारी संध्याकाळी देवेशचे वडील, शरच्चंद्र पेडणेकर, हॉल बघायला मुलुंडला आले. चंद्रप्रकाश काकांनी त्यांना आपणहून खाली नेलं. सोसायटीची शान दाखवायला! वर चहाला आले तेव्हा पेडणेकरांनी कप धरला, आणि मी बघितलं. अंगठा.

शनिवारी संध्याकाळी मी आंबे वर आणले. बाहेरून काय दिसत होते! आईला रडायलाच आलं. तिने पाच बाजूला काढले, गावच्या देवाचे म्हणून पहिले पाच देव्हाऱ्यात जातात आमच्याकडे, आणि ती नातेवाइकांना फोन करायला बसली. मी किचनमध्ये एक कापला. देठाजवळ, बरोबर अंगठ्याच्या जागी, काळपट, आंबूस, पाणी सुटलेलं. दुसरा कापला. तसाच. उरलेल्या पंचावन्नमधून मला धड सापडले एकवीस. आणि माणसं किती? नव्वद.

श्रुतिका मेंदीचे हात वर धरून दारात उभी होती. तिने सगळं बघितलं.

मी म्हटलं, "आता?"

ती म्हणाली, "मला मुलगा मिळालाय. आंबे तुझा प्रॉब्लेम आहे." मग दोन मिनिटांनी परत आली. "भांडुपला स्टेशनबाहेर डबाबंद रस मिळतो. मुलुंडात घेऊ नकोस, दुकानदारच आईला फोन करेल. आईला मी गुंतवून ठेवते."

रिक्षा केली, भांडुप गाठलं, मोठे आठ डबे घेतले आणि क्रिकेटच्या किटबॅगमध्ये भरून आणले. रविवारी आठ वाजता हॉलच्या किचनमध्ये मी आतून कडी लावून बसलो. एकवीस आंब्यांचा रस हाताने पिळला, खराखुरा, त्यात वेलची, आणि वर ते आठ डबे. ओपनर नव्हता यार! चमच्याच्या मागच्या टोकाने डबे उघडले. सहाव्या डब्याचं झाकण अंगठ्यात गेलं. फडकं गुंडाळलं. रिकामे डबे किटबॅगेत, बॅग माझ्या खुर्चीखाली.

अकरा वाजता अंगठ्या घातल्या. फोटोग्राफर सारखा ओरडत होता, "हात दाखवा, हात दाखवा," आणि ग्रुप फोटोत बघ तू, एकाचाही उजवा हात दिसत नाही. सगळे पाठीमागे हात बांधून, शाळेत उभे केल्यासारखे.

मग पंगत. आमरस वाढला. मी पेडणेकरांच्या समोरच. त्यांनी पुरीचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटले. मला वाटलं, झालं. संपलं. बँकेची परीक्षा.

"ह्याला म्हणतात घरचं कलम," ते म्हणाले. "वहिनी, जिभेला कळतं हो. मातीची चव असते ती. डब्यातला रस मी नुसत्या वासावरून ओळखतो." आणि तो तपकिरी अंगठा चाटून पुसून वाटी पुढे केली. "अजून."

आईने माझ्याकडे असं बघितलं रे, बारावीचा रिझल्ट लागला तेव्हापण नव्हतं बघितलं. सुलक्षणा काकू म्हणाल्या, आता माझा अननस पण तूच बघ. चंद्रप्रकाश काका म्हणाले, पुढच्या वर्षीपासून फॉर्मवर 'आंबे' असा वेगळा पर्याय टाकू. मी नुसता हसत होतो. पायाने किटबॅग आत सरकवत होतो.

जेवणं उरकल्यावर बाबांनी मला कोपऱ्यात बोलावलं. मी किटबॅग खांद्याला लावूनच गेलो. फोल्डर बरोबर आणला होता, साखरपुड्याला! कागद काढला, निळं पेन काढलं, 'अटपूर्ती' रकान्यात लिहिलं, 'अट पूर्ण. पीएचडीस हरकत नाही.' आणि सही करायला कागद दाबून धरला. तेव्हा मला दिसला. अंगठा. देठाच्या जागेइतका गोल, तपकिरी डाग.

मी म्हटलं, "बाबा, हे काय?"

त्यांनी हात मागे घेतला नाही. "शाई," म्हणाले.

पेन निळं होतं.

मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. फडक्यावर लाल उतरलं होतं. "आणि तुला काय झालं?"

"सुरी लागली. आंबे कापताना."

ते एकदम हळू म्हणाले, "आमरसाला सुरी कशाला लागते रे? रस तर हाताने पिळतात ना."

मी खांद्यावरची बॅग पाठीमागे सरकवली. आत एक डबा दुसऱ्यावर आपटून वाजला. बाबांनी सही केली, तारीख टाकली, कागद माझ्या खिशात कोंबला आणि हात धुवायला गेले. फार वेळ धूत होते.

आता दापोलीचा फॉर्म शुक्रवारी बंद होतोय. कागद हा बघ, माझ्याकडे आहे. सगळं जसंच्या तसं सांगून टाकायचं, तर त्यांच्या अंगठ्याचं पण काढावं लागेल, आणि पेडणेकरांच्या पण. नाही सांगायचं, तर मी डब्यांच्या जोरावर फळांचा डॉक्टर होणार. तो वडापाव ठेव खाली आणि खरं सांग निहार, तू काय केलं असतंस?